रिकाम्या आसनाचे मोल

2002 च्या जुलै महिन्यात बर्लिन राज्याच्या अर्थव्यवहार खात्याचे मंत्री ग्रेगोर गीझी यांनी आपल्या पदाचा राजीनामा दिला, त्याचे कारण ना लाचलुचपत होते, ना खजिन्यातील अफरातफर. जर्मन संसदेचे सभासद असताना सरकारी कामासाठी केलेल्या विमानप्रवासातून त्यांच्या नावे जे मैल साठले होते, ते त्यांनी खासगी प्रवासासाठी खर्ची घातले, एवढाच काय तो त्यांचा अपराध. त्यानंतर सहा वर्षांनी, 2008 च्या सप्टेंबरात, सहाव्या वेतन आयोगाला अनुसरून प्रवासभत्त्याचे नवे नियम जारी करताना आपल्या केंद्र सरकारच्या अर्थखात्यानेही असे कलम घातले की, सरकारी खर्चाच्या तिकिटावर मिळालेले मैल त्या त्या खात्याने पुढील सरकारी दौऱ्यांसाठीच वापरावेत, आणि कोणा अंमलदाराने ते खासगी प्रवासाकडे वळविल्यास त्याच्यावर खातेनिहाय कारवाई व्हावी. जी वस्तू डोळ्यांना दिसत नाही, तिजोरीत ठेवता येत नाही आणि नियमाप्रमाणे बाजारात विकताही येत नाही, तिच्यापायी एका मंत्र्याचे पद जावे आणि दुसऱ्या देशाच्या दफ्तरात तिच्याविषयी हुकूम निघावा, यावरून या अदृश्य मालमत्तेत काही तरी मोल आहे, हे तरी निर्विवाद ठरते. ते मोल किती, ते कोठून उत्पन्न होते आणि सामान्य उतारूने ते पुरेपूर पदरात कसे पाडून घ्यावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या प्रथेचा उगम अमेरिकेतला. 1978 सालापर्यंत तेथील विमानांची भाडी सरकार ठरवून देत असे. त्या वर्षी कायद्याने ते नियंत्रण उठले, भाड्यांची चढाओढ सुरू झाली, आणि एकाच मार्गावर सारख्याच वेगाने जाणाऱ्या सारख्याच विमानांतून आपल्याच विमानाकडे उतारूला वारंवार कसे ओढावे, ही विवंचना कंपन्यांपुढे उभी राहिली. छोट्या प्रमाणावर काही प्रयोग झालेही. परंतु अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने रॉबर्ट क्रँडल यांच्या कारकिर्दीत 1 मे 1981 रोजी जी योजना सुरू केली, तिनेच या प्रथेला आजचे रूप दिले, आणि युनायटेड कंपनीने आठवड्याच्या आतच तिची नक्कल केली, यावरून त्या कल्पनेची धास्ती प्रतिस्पर्ध्यांनी किती घेतली होती ते दिसते. क्रँडल यांच्या हाताशी सेबर नावाची संगणकीय आरक्षण-यंत्रणा होती. तिच्या नोंदींत जे दूरध्वनी क्रमांक पुनःपुन्हा आढळले त्यांचे धनी हेच आपले नित्याचे उतारू, असे ताडून त्यांना प्रथम सभासद करून घेण्यात आले. उडालेल्या प्रत्येक मैलाची खात्यावर नोंद व्हावी, आणि ठरावीक साठा झाला की त्या मोबदल्यात एक आसन मिळावे, इतका हा व्यवहार साधा होता.

साधेपणा फार काळ टिकला नाही. 1987 साली सिटीबँकेने याच कंपनीच्या नावाचे क्रेडिट कार्ड काढले, आणि तेव्हापासून विमानात पाऊलही न ठेवता मैल मिळू लागले, कारण कंपनी ते बँकेला रोख पैशाने विकत होती व बँक ते आपल्या ग्राहकांना वाटत होती. विमान कंपनी ही अशा रीतीने एक टांकसाळ झाली. फरक इतकाच की, सरकारी टांकसाळीला निदान अर्थशास्त्राचे काही दडपण असते, हिला तेही नाही. या टांकसाळीची किंमत किती असावी, याचा उलगडा 2020 साली झाला. महामारीने विमाने जमिनीवर उभी असताना युनायटेडने कर्जासाठी आपली मैलांची योजनाच तारण ठेवली, तेव्हा त्या योजनेचे मूल्यांकन सुमारे बावीस अब्ज डॉलर झाले, आणि त्याच सुमारास शेअरबाजार संबंध कंपनीची किंमत त्याहून कितीतरी कमी धरीत होता. विमाने उडविणे हा तोट्याचा धंदा आणि मैल विकणे हा नफ्याचा, असे जे म्हटले जाते ते अगदीच अतिशयोक्त नसावे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. कंपनी मैलाच्या बदल्यात जे आसन देते, त्याचा तिला खर्च किती येतो? विमान उडणारच आहे, वैमानिकांचे वेतन आणि विमानतळाचे शुल्क ठरलेलेच आहे. जे आसन विकले गेले नसते त्यावर एखादा उतारू बसला, तर जेवण, थोडेसे जास्त इंधन आणि कागदोपत्री कटकट एवढाच वाढीव भार पडतो. उलट, तेच आसन एखाद्या धनिकाने रोखीने घेतले असते, तर लाख-दोन लाख रुपये मिळाले असते. तात्पर्य, रिकामे जाणारे आसन हा असा एकमेव जिन्नस आहे, की जो देणाऱ्याला जवळजवळ फुकट पडतो आणि घेणाऱ्याला मात्र अत्यंत महाग वाटतो. मैलाचे सारे मोल या दोन किमतींच्या मधल्या फटीत दडलेले आहे, आणि ही फट जेथे रुंद असेल तेथेच मैल खर्चावा.

हे सूत्र एकदा ध्यानी आले, म्हणजे मैलांच्या बदल्यात मिळणाऱ्या सुटकेसी, इस्तरी, प्रेशर कुकर आणि दुकानांची भेटपत्रे यांचा निकाल लावायला वेळ लागत नाही. कुकर कंपनीला बाजारातून रोखीने विकत घ्यावा लागतो. तेथे फट नाहीच, म्हणून तीन हजारांच्या कुकरला ती बारा हजार मैल मागते, आणि आपला मैल पंचवीस पैशांना खपतो.

आसनाचा हिशेब मात्र जरा निगुतीने मांडावा लागतो. समजा, युरोपच्या एका तिकिटाला रोखीने पंचावन्न हजार रुपये पडतात, आणि तेच तिकीट पस्तीस हजार मैल व करांपोटी तेरा हजार रुपये देऊन मिळते. पंचावन्नातून तेरा वजा जाता बेचाळीस हजार उरतात. त्याला पस्तीस हजारांनी भागले, म्हणजे मैलामागे एक रुपया वीस पैसे आले. काटेकोर माणूस येथे आणखी एक गोष्ट धरील: रोखीच्या तिकिटावर दोन हजार मैल मिळाले असते ते आता मिळणार नाहीत, म्हणून भाजक सदतीस हजार धरला, तर हा आकडा एक रुपया साडेतेरा पैशांवर येतो. आता वरच्या वर्गाचे पाहा. रोखीने दोन लाख दहा हजार. मैलांनी पंचाहत्तर हजार मैल आणि साडेबावीस हजार रुपये. भागाकार अडीच रुपये येतो, आणि या विषयातले हौशी लोक येथे हर्षाने टाळ्या पिटतात. परंतु ज्या गृहस्थाने त्या रुंद गादीसाठी स्वतःच्या खिशातून एक लाख दहा हजारांहून एक छदामही जास्त काढला नसता, त्याच्या दृष्टीने ते आसन दोन लाख दहा हजारांचे नाहीच. ते एक लाख दहा हजारांचे आहे, आणि त्या मापाने मैलाला मिळाले एक रुपया सतरा पैसे, म्हणजे साध्या वर्गातील पहिल्या आकड्याहूनही कमी. कंपनीने छापलेली किंमत हे आपल्या समाधानाचे माप नव्हे. ज्याला वीस तासांच्या प्रवासात पाठ टेकविणे ही वैद्यकीय गरज आहे त्याचा हिशेब वेगळा, आणि ज्याला उद्या मित्रमंडळींत सांगण्याजोगा प्रसंग हवा आहे त्याचा वेगळा. दोघांनीही आपापला आकडा प्रामाणिकपणे मांडावा, एवढेच.

भागाकारात जी रक्कम आपण कर म्हणून वजा केली, तिच्यात पुष्कळदा कर नसलेलेही बरेच काही मिसळलेले असते. इंधन महागले तेव्हा कंपन्यांनी एक अधिभार बसविला. पुढे इंधन स्वस्त झाले तरी अधिभार राहिला, आणि तिकिटाच्या तपशिलात वायक्यू किंवा वायआर अशा दोन अक्षरांमागे तो आजही उभा आढळतो. ब्रिटिश एअरवेज आणि लुफ्तान्सा यांच्या लांबच्या तिकिटांवर तो एवढा भारी असतो की, मैल देऊनही साध्या वर्गाच्या रोखीच्या तिकिटाइतके पैसे मोजावे लागल्याचा अनुभव दुर्मीळ नाही. याउलट एअर कॅनडाच्या एरोप्लान योजनेने 2020 च्या नोव्हेंबरात आपली घडी नव्याने बसविताना मैलांच्या तिकिटांवरील हा अधिभार सर्वस्वी काढून टाकला. एकच आसन, एकच विमान, परंतु कोणत्या योजनेच्या मैलांनी ते घेतले यावर हजारो रुपयांचा फरक पडतो, तो असा. खरा कर असूनही टाळता येण्याजोगा एक प्रकार ब्रिटनमध्ये आहे: 1994 पासून तेथून निघणाऱ्या उतारूवर सरकारी प्रवास-शुल्क बसते, आणि ते अंतराप्रमाणे व वर्गाप्रमाणे चढत जाते. लंडनला उतरणाऱ्यावर ते नाही, चोवीस तासांच्या आत तेथून पुढचे विमान धरणाऱ्यावरही नाही. म्हणून लंडन पाहून पॅरिसला जावे आणि परतीचे विमान पॅरिसहून घ्यावे, असा क्रम लावणाऱ्याचे बरेच पैसे वाचतात.

एका कंपनीचे मैल दुसऱ्या कंपनीच्या विमानात चालतात, ही सोय अनेकांना ठाऊकच नसते. 1997 साली स्टार अलायन्स हा विमान कंपन्यांचा पहिला मोठा संघ उभा राहिला, त्यामागून वनवर्ल्ड आणि स्कायटीम आले, आणि 11 जुलै 2014 रोजी एअर इंडिया स्टार अलायन्समध्ये दाखल झाली. तेव्हापासून एअर इंडियाने प्रवास करणारा उतारू आपले मैल तिच्याच खात्यावर जमा करण्यास बांधलेला नाही. सिंगापूर एअरलाइन्स, युनायटेड किंवा एअर कॅनडा यांपैकी कोणाच्याही खात्यावर तो ते टाकू शकतो, मात्र तिकिटावरील वर्गाचे अक्षर पाहून, कारण अतिस्वस्त तिकिटांना काही योजनांत नाममात्र मैल मिळतात व काहींत मुळीच मिळत नाहीत. संघाचा खरा लाभ खर्च करताना कळतो. डेल्टाने 2015 साली आणि युनायटेडने 2019 साली आपली मैलांची छापील दरपत्रके काढून टाकली. त्याच सुमारास मैल देण्याचे प्रमाणही अंतरावरून काढून भाड्याच्या रकमेशी बांधण्यात आले. आसनाचा रोखीचा भाव चढला की मैलांचा भावही चढतो, आणि वर ज्या फटीचे वर्णन केले ती कंपनी आपल्याच हाताने बुजवून टाकते. परंतु दुसऱ्या कंपनीचे आसन देताना तिला आपसात ठरलेला दर त्या कंपनीला मोजावा लागतो, आणि हा दर रोजच्या बाजारभावाप्रमाणे नाचत नाही. म्हणून अशा परक्या आसनांसाठी कित्येक योजनांनी ठरावीक दरपत्रक अजून राखले आहे. जाणकार माणूस स्वतःच्या कंपनीच्या विमानापेक्षा तिच्या सोबत्यांच्या विमानांत अधिक धुंडाळतो, त्याचे कारण हे. त्यातच एरोप्लानसारखी योजना एकतर्फी तिकिटावर वाटेतल्या एखाद्या शहरी मुक्काम करण्यासाठी केवळ पाच हजार मैल अधिक मागते. मुंबईहून टोरांटोला जाताना फ्रँकफुर्टला किंवा इस्तंबूलला आठवडाभर राहण्याची जी मुभा मिळते, तिचा रोखीतला भाव काढून पाहावा.

क्रेडिट कार्डांविषयी लिहिताना लेखणी थोडी आखडती घेतो, कारण त्यांच्या अटी एवढ्या झपाट्याने बदलतात की लेख छापून होईतो त्या जुन्या झालेल्या असतात. दोन गोष्टी तेवढ्या कायमच्या आहेत. जे कार्ड शंभर रुपयांच्या खर्चावर एक तर एक रुपया परत देते किंवा एक मैल देते, त्याचा मैल फुकट नसतो. सोडलेला रुपया हीच त्याची खरेदीची किंमत, आणि तो मैल पुढे ऐंशी पैशांना खपला तर व्यवहार तोट्याचा झाला. दुसरी गोष्ट अशी की, थकलेल्या बाकीवर ही कार्डे दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लावतात, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांहून जास्त. तेव्हा ज्याच्याकडून महिन्याची संपूर्ण रक्कम मुदतीत भरली जात नाही, त्याने मैलांचे नावच काढू नये. बँकेकडील पॉइंट विमान कंपनीच्या खात्यावर वर्ग केले की ते परत फिरत नाहीत. म्हणून हवे ते आसन उपलब्ध आहे याची डोळ्यांनी खात्री झाल्यावाचून ते वर्ग करण्याचा हुकूम देऊ नये. जोवर ते बँकेत आहेत तोवर दहा दारे उघडी असतात, वर्ग केले की एकच.

मैल साठवून ठेवावेत, म्हणजे उतारवयात जगप्रवास करता येईल, असे मनोराज्य करणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल अवश्य वाचावेत. 1988 साली अमेरिकन एअरलाइन्सने आधीच कमावलेल्या मैलांवरही आसनसंख्येची व तारखांची नवी बंधने घातली, तेव्हा सभासदांनी दावा लावला. 1995 साली निकाल लागला तो असा की, कराराचा भंग झाला असल्यास तेवढ्यापुरती दाद मागता येईल, राज्याच्या ग्राहकसंरक्षण कायद्याखाली मात्र नाही. दुसरा दावा एका ज्यू धर्मगुरूचा. नॉर्थवेस्ट कंपनीने, ते फार वेळा तक्रारी करतात या कारणावरून, त्यांचे सभासदत्वच रद्द केले होते. कंपनीने सचोटीने व न्यायबुद्धीने वागावयास हवे होते, हे त्यांचे म्हणणे 2014 साली न्यायालयाने एकमताने फेटाळले. कंपनीने करारात सर्वाधिकार स्वतःकडे राखून ठेवले होते आणि सभासदाने त्याला मान्यता दिली होती, एवढे तिला पुरेसे झाले. आपल्याकडचा इतिहास तर कोर्टाची पायरी चढण्याच्याही आधीच संपतो. किंगफिशरची विमाने 2012 च्या ऑक्टोबरात थांबली ती पुन्हा उडाली नाहीत, आणि तिच्या सभासदांच्या खात्यांवरील आकडे निव्वळ आकडे राहिले. जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 रोजी बंद पडली. तिची मैलांची योजना निराळ्या कंपनीच्या नावे असल्यामुळे इंटरमाइल्स या नव्या नावाने ती जगली खरी, पण ज्या आसनांसाठी लोकांनी मैल जमविले होते ती आसनेच उरली नव्हती. विस्ताराच्या सभासदांचे नशीब त्या मानाने बरे, कारण 2024 च्या नोव्हेंबरातील विलीनीकरणात त्यांची शिल्लक एअर इंडियाकडे वर्ग झाली. कंपनी बुडाली नाही तरी दरपत्रक दर दोन-तीन वर्षांनी महागतेच, आणि व्याज नावाची गोष्ट येथे नाही. डबीत जपून ठेवलेल्या कापराच्या वडीप्रमाणे हे धन कोणी हात न लावताही झिजत जाते. शिवाय मुदत असतेच: सिंगापूर एअरलाइन्सचे मैल तीन वर्षांनी बाद होतात. एक-दोन नियोजित प्रवासांना पुरतील एवढेच मैल बाळगावेत, यापलीकडे संचय करण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

महाराष्ट्रात या साऱ्याचा सर्वांत मोठा उपयोग ज्यांना व्हावा आणि प्रत्यक्षात सर्वांत कमी होतो, असा एक वर्ग आहे: पुण्या-ठाण्या-नाशिकचे ते आईवडील, जे मुलीच्या बाळंतपणासाठी किंवा नातवंडांना पाहण्यासाठी न्यू जर्सीला नाही तर कॅलिफोर्नियाला जातात आणि सहा महिने राहून परततात. मुंबईपासून तिकडच्या एका खेपेचे अंतर आठ-साडेआठ हजार मैल. पतिपत्नी दोघे, जाणे-येणे धरून, तीस हजारांहून अधिक मैल उडतात, आणि बहुतेकदा त्यांचे सभासदत्वच नसल्यामुळे या प्रवासाची कोठेही नोंद होत नाही. सभासदत्व फुकट असते. आधी उडून झाल्यावर मागाहून मागणी करण्याचीही सोय असते, पण ती काही महिन्यांच्या मुदतीत, आणि विमानात चढतानाच्या चिठ्ठीचा तुकडा जपून ठेवला असेल तर. या मंडळींची हमखास अडचण नावाची. पासपोर्टात दिलेल्या नावाच्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव जोडलेले, तिकिटावर ते कधी एकत्र लिहिलेले तर कधी गाळलेले, आणि सभासदत्वाच्या अर्जात मुलाने घाईघाईत निव्वळ नाव-आडनाव घातलेले. संगणकाला हे तीन निरनिराळे इसम वाटतात आणि मैल जमा होत नाहीत. अर्ज भरताना पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवावे.

त्यांना आणखी एक फायदा आहे, जो नोकरदाराला नाही: तारखेची घाई नसते. मैलांवरची आसने साधारण अकरा ते बारा महिने आधी खुली होतात, आणि जी विकली जाणार नाहीत अशी कंपनीची खात्री पटते ती प्रस्थानाच्या आधीच्या पंधरवड्यात पुन्हा सुटतात. मधल्या काळात शोधणाऱ्याच्या हाती सहसा निराशा येते. दिवाळी, नाताळ आणि शाळांच्या सुट्ट्या वगळून, फेब्रुवारीतला किंवा सप्टेंबरातला एखादा मंगळवार-बुधवार धरला, आणि दोन आसने एकाच विमानात हवीतच हा आग्रह असेल तर वर्षभर आधीच्या पहिल्या आठवड्यात शोध घेतला, म्हणजे विमानाच्या पुढल्या भागातील आसनेही मिळतात. दोघांच्या खात्यांत निम्मे-निम्मे मैल अडकून पडले असतील, तर कुटुंबाची खाती एकत्र करण्याची मुभा देणारी योजना निवडावी. आणि जाताना साधा वर्ग, येताना वरचा, अशी विभागणी करायलाही हरकत नाही. एकतर्फी तिकिटे मैलांनी निम्म्या दरात मिळत असल्यामुळे तीत काही नुकसान होत नाही, आणि परतीच्या प्रवासात गुडघ्यांना आराम पडतो.